पाण्यापासून किती लांब

लिंबू न्यायचं नाही. संत्रं नाही, मोसंबी नाही, आणि सासूबाईंच्या हातचं लिंबाचं लोणचं तर अजिबात नाही. हरारेहून भाच्यानं पाठवलेल्या यादीचं हे पहिलं कलम. आम्ही न्यायच्या वस्तूंची यादी मागितली होती, आली ती न न्यायच्या वस्तूंची.

झिंबाब्वेच्या उत्तर सीमेवर, झांबेझी नदीच्या दक्षिण काठाला माना पूल्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. 1984 साली युनेस्कोनं ते जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथं लिंबूवर्गातलं एकही फळ आत नेऊ देत नाहीत, आणि त्याला कारण हत्ती. माणसांच्या सामानातून त्यांना या फळांची चटक लागली आणि वासावर ते गाड्या-तंबू उचकटू लागले. काच वर केली, डबा घट्ट लावला, पिशवीत पिशवी घातली, तरी हत्तीच्या सोंडेला कळायचं ते कळतंच. चटावलेल्या जनावराचा शेवट जगात सगळीकडं बहुधा बंदुकीनं होतो, त्यामुळं नियम कडक आहे आणि तो असावाच. पण नियम पटणं वेगळं आणि पोह्यांवर लिंबू न पिळणं वेगळं. जाऊबाईंनी यादी वाचून फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, “वहिनी, मग आमचूर घेऊ. आणि चिंचेचा कोळ आटवून नेऊ.” हैदराबादेत चार पिढ्या काढलेल्या मराठी घराला आंबटाची अडचण पडत नाही, हे एक बरं आहे. आमच्या वरणात आमसुलापेक्षा चिंचच जास्त.

बेत असा. भाचा तिकडं नोकरीला आहे, गाडी त्याची. तंबू भाड्यानं घ्यायचे. नदीकाठी उद्यानाचाच न्यामेपी नावाचा तळ आहे, तिथं जागा राखून ठेवायची. मी, हे, धाकटे दीर आणि जाऊबाई इथून जाणार. भाचा आणि भाचेसून तिथून येणार. आसपास लॉज आहेत, पण त्यांचे दर डॉलरमध्ये आणि ते ऐकून दीर म्हणाले होते की एवढ्या पैशात हत्ती आपल्याकडं येऊन आपल्याला बघून जाईल. तेव्हा सगळं आपलं आपण करायचं: राहणं, रांधणं, भांडी घासणं, कचरा गोळा करून परत आणणं. हरारेपासून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त अंतर, वाटेत मारोंगोरा इथं परवाना दाखवायचा, आणि एकदा डांबरी रस्ता सोडला की आत दुकान नाही, पेट्रोल पंप नाही, चहाची टपरीसुद्धा नाही.

नामपल्लीत राहणाऱ्या माणसाला टपरी नसलेला प्रदेश कल्पनेतही आणता येत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाला उभं राहिलं तर एका हाताला स्टेशनाकडून येणारी गर्दी, दुसऱ्या हाताला सुभान बेकरीतून निघालेला उस्मानिया बिस्किटांचा वास. पण आफ्रिका इथून दूर आहे असं जे आम्हाला बजावतात त्यांना मी पब्लिक गार्डनमध्ये घेऊन जाते. तिथल्या राज्य संग्रहालयात एक इजिप्शियन ममी निजलेली आहे. सहाव्या निजामाचा जावई नझीर नवाज जंग यानं ती विकत आणली होती. 1930 साली ती संग्रहालयात आली. नाईलच्या काठची ही मुलगी नामपल्लीची रहिवासी होऊन शतक होत आलं. आणि रेड हिल्स ओलांडून जरा पुढं गेलं की ए. सी. गार्ड्स. इथल्या कितीतरी लोकांना ही अक्षरं कशाची ते माहीत नसतं. आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स: निजामाच्या पदरी असलेलं सिद्दी घोडेस्वारांचं पथक. वनपर्तीच्या राजाकडून ते निजामाकडं आलं. संस्थान विलीन झाल्यावर पथक मोडलं, माणसं इथंच राहिली. लग्नाच्या वरातीत जो मर्फा वाजतो, ज्याच्यावर सगळं जुनं शहर नाचतं, तो ताल त्यांनीच इथं आणला. तेव्हा आमच्याआधी आफ्रिका नामपल्लीला येऊन गेली आहे, आम्ही फक्त परतफेडीची भेट द्यायला निघालोय, असं हे म्हणतात.

जंगलात पाण्याकाठी आपला शिधा घेऊन राहायचं हे मराठी माणसाला नवं नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ वाचून एक अख्खी पिढी बिछाना-पिशवी घेऊन तळ्याकाठच्या विश्रामगृहांकडं निघाली होती. आम्हीही त्यातलेच. नामपल्लीहून दक्षिण एक्स्प्रेसनं नागपूर, पुढं यष्टी, मिळेल ती जीप. मेळघाटात कोलकासला सिपना नदीच्या वरच्या बाजूला विश्रामगृह आहे. तिथं तांदूळ, डाळ, तेल, कांदे आपण न्यायचे आणि खानसाम्याच्या हवाली करायचे. नागझिऱ्याला वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात पिठलं-भात खायचा आणि तळ्यावर कोण पाणी प्यायला आलं ते आवाजावरून ओळखायचं. आता व्याघ्रप्रकल्प झाल्यावर गाभ्यातला मुक्काम बहुतेक ठिकाणी बंद आहे, सूर्य मावळायच्या आत फाटकाबाहेर पडावं लागतं. वाघांच्या दृष्टीनं हे ठीकच. पण माझ्या पिढीला जंगलातली रात्र माहीत आहे आणि माझ्या मुलांच्या पिढीला जंगलातली सकाळ सहा ते दहाची फेरी माहीत आहे, हा फरक पडला खरा.

त्याही मागं जायचं तर वारी. दिंडीचे ट्रक पुढं जातात, राहुट्या ठोकल्या जातात, चुली पेटतात, पाण्याचा टँकर येतो. शेवटी चंद्रभागेचं वाळवंट. सासूबाई तरुणपणी एकदा दिंडीबरोबर गेल्या होत्या आणि आमच्या आफ्रिकेच्या बैठकांना त्या त्याच अधिकारानं बसतात. त्यांचा पहिला आक्षेप: “सहा माणसांना एवढी भांडी कशाला? एक पातेलं, एक तवा, एक परात.” आक्षेप मान्य झाला. दशम्या त्यांच्याच सांगण्यावरून ठरल्या. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या निदान दोन दिवस मऊ राहतात, म्हणजे हरारेतून निघाल्यावर पहिल्या मुक्कामाला चूल पेटवायची घाई नको. बाकी धपाट्यांची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, सातूचं पीठ, गूळ, भाजलेला रवा. तूरडाळ, तांदूळ तिकडंच घ्यायचे. हरारेत गुजराती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या दुकानं थाटून आहेत. भाचा तर म्हणतो की खायची हौस असेल तर कापेंटा मिळतो: करीबा जलाशयातले बोटाएवढे मासे, उन्हात वाळवलेले. आपलं सुकटच म्हणा. कांदा, टोमॅटो, तिखट घालून ते मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, म्हणजे साड्झाबरोबर खातात. दीर शाकाहाराची शपथ विसरून या मजकुरावर दोनदा हिरवी खूण करून बसले आहेत.

पण शिधा ठरवणं हा सोपा भाग होता. खरा वाद पडला तो स्वयंपाकाच्या वेळेवर. ऑगस्टमध्ये तिथं कोरडा हिवाळा असतो आणि सहा वाजायच्या आगेमागे अंधार पडतो. भाच्याचं म्हणणं: उजेडात रांधायचं, उजेडात खायचं, उजेडात भांडी घासायची, आणि दिवेलागणीपूर्वी खाण्याची प्रत्येक वस्तू गाडीत बंद करायची. तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा ठेवायचा नाही. कारण रात्री तरस येतात. तरस खरकटं तर नेतातच, पण तंबूबाहेर राहिलेल्या चपलाही उचलतात. हनी बॅजर नावाचा एक बिज्जू आहे, आकारानं कुत्र्याएवढा, त्याला थंडपेटीची कडी उघडता येते. दिवसा बबून माकडं. नामपल्लीच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाईला माकडांचं काय सांगता, असं मी म्हणाले, तर भाच्यानं फोनवर एक चित्रफीत दाखवली. बबून गाडीचं दार उघडत होता. अगदी मूठ धरून, शांतपणे, घरचं दार असल्यासारखं. तेव्हापासून मी माकडांविषयी मत देत नाही.

यांना मात्र या कशात रस नव्हता. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. पाणी दिसलं की पाण्याची पातळी विचारायची ही सवय निवृत्तीबरोबर जात नाही. सगळे फोडणीवर भांडत असताना यांनी एकच प्रश्न विचारला: “तंबू पाण्यापासून किती लांब ठोकायचा?”

भाच्याला वाटलं मामा दृश्याबद्दल विचारतायत. तो म्हणाला, “मामा, अगदी काठावर जागा मिळेल, समोर नदी, पलीकडं झांबियाचे डोंगर.” हे म्हणाले, “मी किती जवळ ते विचारलं नाही. किती लांब ते विचारलं.”

इथून पुढं आमच्या बेताला खरी दिशा आली असं मला वाटतं. कारण पाण्याकाठी राहायला जाणाऱ्या माणसाला पाणी आपल्यासाठी आहे असं वाटत असतं. झांबेझीच्या काठी तसं नाही. पाणघोडा दिवसभर पाण्यात असतो आणि अंधार पडला की चरायला बाहेर पडतो. दीड टनाचं जनावर, एका रात्रीत चाळीसेक किलो गवत खातं, त्यासाठी काही किलोमीटर चालतं आणि पहाटे पुन्हा पाण्याकडं येतं. येण्याजाण्याच्या वाटा ठरलेल्या. पिढ्यांच्या पावलांनी त्या काठावर खोल घळीसारख्या उतरलेल्या असतात. त्या वाटेवर तंबू ठोकलात तर पाणघोडा तंबूला वळसा घालेल असं समजू नका. आणि त्याच्या व पाण्याच्या मध्ये उभं राहायचं नाही, हा तर त्या काठचा पहिला धडा. घाबरलेला पाणघोडा पाण्याकडं पळतो, आणि वाटेत जे असेल ते वाटेत असतं. मगरींचं वेगळं. त्या वाट बघतात. पाणी भरायला माणूस रोज त्याच वेळी त्याच जागी वाकतो हे मगरीला कळायला वेळ लागत नाही. म्हणून नदीवर हातपाय धुवायचे नाहीत, भांडी विसळायची नाहीत, पाय सोडून बसायचं तर स्वप्नसुद्धा बघायचं नाही. पाणी तळावरच्या नळाचं. नदी फक्त बघायची.

हत्तींचं याउलट. ते पाण्यापासून लांब, झाडांखाली आपली वाट बघत असतात. माना पूल्समध्ये नदीनं जुनी पात्रं सोडून उत्तरेकडं सरकत सरकत जे सपाट मैदान मागं ठेवलं, त्याच्यावर आना नावाची प्रचंड झाडं आहेत. वनस्पतिशास्त्रात फेदर्बिया अल्बिडा, आपल्या बाभळीच्या नात्यातलं. हे झाड सगळ्या जगाच्या उलट वागतं. पावसाळ्यात पानं टाकतं, कोरड्या दिवसांत हिरवं होतं, आणि उन्हाळा तापायला लागला की त्याच्या वळणदार पिवळसर शेंगा पडतात. हत्ती त्यांच्यावर जीव टाकतात. बॉसवेल नावाचा तिथला एक हत्ती तर वरच्या फांद्यांसाठी मागच्या दोन पायांवर उभा राहायचा, त्याची छायाचित्रं जगभर गाजली. आता तळावर सावली कुणाची? याच झाडांची. म्हणजे तंबू सावलीत ठोकला तर शेंगांखाली, उन्हात ठोकला तर भाजणार, काठावर ठोकला तर पाणघोड्याच्या वाटेत. यांनी वहीत एक नकाशा काढला. काठ, वाटा, झाडं, गाडी, चूल. त्या नकाशात माणसाला राहायला उरलेली जागा बघून जाऊबाई म्हणाल्या, “भाऊजी, यात आमचं एक पांघरूण तरी मावेल का?”

मला या अंतराचं अप्रूप वाटतं, कारण आम्ही राहतो ते शहर तळ्यांचं होतं आणि आम्ही अंतर ठेवलं नाही. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या टप्प्यात मासब टँक आहे. नावात टँक आहे, तळं नाही. त्याच्या पोटात चाचा नेहरू पार्क आहे, भोवती दवाखाने, उड्डाणपूल, वाहनं. 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदी फुगली आणि सुमारे 15 हजार माणसं गेली असं सांगतात. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर दीडशे माणसं चढून वाचली, ते झाड अजून आहे. मग विश्वेश्वरय्यांना बोलावलं, 1920 ला उस्मान सागर आणि 1927 ला हिमायत सागर झाले, नदीला वर आवर बसला, आणि आवर बसला म्हणून माणसं खाली पात्रात सरकली. कागदावर आज नियम आहेत: मोठ्या तलावाच्या पूर्ण भरलेल्या पातळीपासून 30 मीटर, लहान तलावापासून 9 मीटर मोकळे सोडायचे. 2024 साली सरकारनं ‘हायड्रा’ नावाची यंत्रणा उभी केली आणि तलावांतली बांधकामं पाडायला घेतली, तेव्हा रोज संध्याकाळी टीव्हीसमोर हे वही घेऊन बसत. कुठल्या तळ्याची पूर्ण पातळी किती हे त्यांना पाठ. त्यांचं मत असं की हे 30 मीटर कुणी मनावर घेत नाही, कारण हुसेन सागरात पाणघोडे नाहीत. असते तर नियम मोजपट्टीशिवाय पाळला गेला असता.

झांबेझीवरही अभियंत्यांनी हात चालवलेला आहेच. माना पूल्सच्या वर करीबाचं धरण आहे, 128 मीटर उंचीची कमान. यांना त्याचं फार, कारण ते आणि नागार्जुनसागर साधारण एकाच काळातली भावंडं. नागार्जुनसागरची कोनशिला नेहरूंनी 10 डिसेंबर 1955 ला बसवली. करीबाची दारं डिसेंबर 1958 मध्ये लागली. इथं पाण्याखाली जाणार होतं नागार्जुनकोंडा, तर उत्खनन करून स्तूप-विहार उचलून टेकडीवर नेले. ती टेकडी आता बेट आहे. तिथं पाण्याखाली जाणार होतं अख्खं खोरं. सुमारे 57 हजार टोंगा लोकांना हलवलं, आणि वाढत्या पाण्यात बेटांवर अडकलेली जनावरं होड्यांतून बाहेर काढायला रूपर्ट फॉदरगिल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली मोहीम निघाली. ‘ऑपरेशन नोहा’ तिचं नाव. सहा हजारांवर जनावरं वाचली. टोंगांना मात्र ट्रकांतून कोरड्या, परक्या जमिनीवर उतरवलं. नदीचा देव न्यामीन्यामी आपल्याला वर ठेवील असा त्यांचा भरवसा होता. 1957 आणि 1958 ला लागोपाठ जे पूर आले ते त्याचेच असं अजून मानतात. यांना देवाधर्माचं वावडं, पण न्यामीन्यामीविषयी ते आदरानं बोलतात. “सलग दोन वर्षं एवढा पूर,” ते म्हणतात, “आमच्या खात्यात त्याला देव म्हणायची सोय नाही, एवढंच.”

धरणाचा परिणाम खालच्या मैदानावर झाला. दरवर्षीचा पूर यायचा थांबला. पुढं 1980च्या सुमारास मुपाटा घळीत आणखी एक धरण बांधायचं घाटत होतं. ते झालं असतं तर आमच्या तंबूची जागा, आना झाडं, बॉसवेलच्या फांद्या, सगळं पाण्यात गेलं असतं. विरोध झाला, वारशाचा शिक्का बसला, बेत बासनात गेला. हे सगळं ऐकवून झाल्यावर यांनी भाच्याला विचारलं की ऑगस्टमध्ये करीबातून किती पाणी सोडतात. भाचा संगणकातला माणूस. त्यानं “बघून सांगतो मामा” म्हटलं आणि दोन दिवस फोन उचलला नाही.

औषधपाण्याचं फार सांगत नाही. आफ्रिकेतल्या काही देशांवरून येणाऱ्याकडं पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. इथिओपिया त्यातला एक, आणि आमचं विमान अदिस अबाबाचं. लस नारायणगुड्याला प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनच्या संस्थेत मिळते, पण साठीपुढच्या माणसाला ती देताना डॉक्टर विचार करतात. यांचे सगळे कागद बघून, दोन प्रश्न जास्त विचारून दिली. मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या. झांबेझीच्या खोऱ्यात मलेरिया आहे हे ऐकून दीर घाबरले तेव्हा मी त्यांना आठवण दिली की डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू रोनाल्ड रॉसला सापडला तो आपल्या बेगमपेठेत, 20 ऑगस्ट 1897 ला. त्याला 1902 चं नोबेल मिळालं. ज्या गावच्या डासाला नोबेलमध्ये वाटा आहे त्या गावच्या माणसानं परक्या डासाला भ्यावं हे बरं नाही.

कपड्यांचा मात्र घोळ झाला. त्या खोऱ्यात त्सेत्से माशी आहे, चावली तर कपड्यावरूनही चावते, आणि तिला निळा आणि काळा रंग आवडतो. इतका की तिला पकडायला निळ्या-काळ्या कापडाचेच सापळे टांगतात. आमच्याकडं चौघांच्या मिळून कपाटांत निळ्या-काळ्याशिवाय काय आहे हे तपासलं. पुरुषांच्या पँटी बाद. जाऊबाईंच्या जीन्स बाद. माझे पंजाबी ड्रेस निम्मे बाद. पांढरं मळतं आणि लांबून उठून दिसतं. उरला मातकट, खाकी, सुक्या गवताचा रंग, म्हणजे आयुष्यभर दुकानदारानं गादीवर टाकल्यावर आम्ही हातानं बाजूला सारलेला प्रत्येक रंग. “कोई मय्यत में जारे क्या अम्मा?” आबिड्सच्या दुकानदारानं काळजीनं विचारलं.

भांड्यांसाठी बेगम बाजार. तो घरापासून हाकेच्या अंतरावर आणि तिथं मिळत नाही अशी वस्तू बनलेली नाही. जर्मनचं हलकं पातेलं, झाकणाला कडी असलेले स्टीलचे डबे, मोठी चिमट्याची सांडशी, पाण्याची कॅन. दोर आणि ताडपत्री दीरांनी राणीगंजहून आणली. तिथं दोन माणसांनी त्यांना विचारलं की किती ट्रकांवर टाकायचीय. नुमाइशीत घेतलेल्या काश्मिरी रजया कपाटावरून खाली आल्या, कारण ऑगस्टच्या रात्री तिथं बऱ्यापैकी गारवा असतो. सामान दिवाणखान्यात मांडलं, तेव्हा सासूबाई काठी टेकत आल्या. एकेक वस्तू बघितली. पातेलं एकच आहे याची खात्री केली. मग खुर्चीत बसल्या आणि इतक्या बैठकांत, नकाशांत, पातळ्यांत कुणीच न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला.

“आणि रात्री बाहेर जायला लागलं तर?”

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. यांनी वही काढली. नकाशात काठ होता, पाणघोड्यांच्या वाटा होत्या, शेंगांची झाडं होती, तंबू होते. संडास-बाथरूमची इमारत नव्हती. ताबडतोब हरारेला फोन. भाचा म्हणाला, आहे ना, तळावर पक्कं बांधलेलं आहे, गरम पाणीसुद्धा असतं. किती लांब? जागा कुठली मिळते त्यावर आहे मामी, असेल साठ-सत्तर पावलं. आणि मध्ये काय? मध्ये काही नाही, मोकळं आहे. कुंपण? कुंपण कुठंच नाही, तळालाच नाही. मग रात्री कसं जायचं? फोनवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग भाचेसुनेनं फोन घेतला, ती तिथं राहून आलेली. “मामी, रात्री तंबूची चेन उघडायची नाही. काहीही झालं तरी. आम्ही आत झाकणाची बादली ठेवतो.”

झांबेझीपासून तंबू किती मीटर हे ठरवण्यात पंधरवडा गेला होता; तंबूपासून शून्य मीटरवर काय असावं हे सासूबाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या ठरवलं. दोन तंबू, दोन बादल्या. झाकण घट्ट बसलं पाहिजे, कडी भक्कम पाहिजे, आणि, हे त्यांनी विशेष बजावलं, रंग निळा नको.

दुसऱ्या दिवशी मी आणि जाऊबाई पुन्हा बेगम बाजारात. दुकानदारानं पाच प्रकारच्या बादल्या काढल्या. सगळ्या निळ्या.

“लाल है, पन ढक्कन नै,” तो म्हणाला.

“हरी?”

“हरी में ढक्कन है, पन नीला है.”

जाऊबाईंनी त्याला त्सेत्से माशीची सगळी हकीकत सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, निळ्या झाकणाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि आतल्या पोराला ओरडून सांगितलं की गोदामातून पांढऱ्या रंगाच्या डिस्टेंपरच्या रिकाम्या बादल्या आण, वीस लिटरवाल्या, झाकणासकट, अम्मा लोगां आफ्रिका जारे.